मानमोडीचा फाल्गुन

फाल्गुन लागला, की कवठे महांकाळच्या वाऱ्याला एकदम अनेक वास येतात. बेदाण्याच्या शेडमधून निघणाऱ्या गंधकाच्या धुरीचा घसा खवखवणारा वास, जाळ्यांवर सुकत पडलेल्या द्राक्षांचा आंबूस गोडवा, लिंबाच्या गळलेल्या पानांचा कोरडा कडवटपणा. आणि या सर्वांच्या तळाशी मला एकट्याला येणारा ओल्या चुन्याचा वास. हा शेवटचा वास वाऱ्यात नसतोच, असे माझी पत्नी शालन म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही. ज्या गोष्टीला साक्षीदार नाही ती टिकत नाही, एवढे माझ्या व्यवसायाने मला शिकवले आहे.

मी तहसील कचेरीच्या आवारात, करंजाच्या झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले, तरी पदवीधर मुले अर्जाचा मायना माझ्याकडून तपासून घेतात, हे नम्रपणे नमूद करतो. माझ्या हातचा अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला, की त्यातील विनंती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जाते. गावात मला तोंडावर आण्णा म्हणतात आणि पाठीमागे अर्धा वकील म्हणतात. हेही मला ठाऊक आहे. अर्धा का होईना, वकील म्हणतात, यातच लोकांची गरज उघड होते.

परंतु आज जे लिहीत आहे, त्याला मायना नाही. कोणत्या कार्यालयास उद्देशून लिहावे, हेच मला अद्याप उमगलेले नाही.

आमचे घर गावाच्या कडेला, शेवटच्या आळीत आहे. पुढे अंगण, मागे परडे, परड्यात शेवग्याचे झाड, आणि त्या झाडाखाली एके काळी शालनच्या कोंबड्यांचे खुराडे होते. या कोंबड्या बाजारातून आणलेल्या नव्हत्या. शालनचे माहेर विट्याचे. बाळंतपण करून माहेराहून परतताना तिच्या आईने डालग्यात एक खुडूक कोंबडी आणि दोन तलंगा घालून दिल्या होत्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली वयात येणारी कोंबडी. शालनच्या आईलाही तिच्या आईने तशाच दिल्या होत्या, असे सांगत. बाळंतपण आटोपून लेक सासरी निघाली, की तिच्यासोबत आईच्या खुराड्यातील तलंग जायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. मानेवर तांबूस झाक, पायांवर थोडी पिसे, आणि अंड्याचा रंग चहात दूध जास्त पडल्यासारखा. शालनची आई वारली, भाऊ सोने गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यात गेला, विट्याच्या घरात वृद्ध काकू तेवढी उरली. माहेर म्हणून शालनकडे जे काही राहिले होते, ते आमच्या परड्यात उकिरडा उकरत फिरत होते.

मी त्या पक्ष्यांकडे कौतुकाने पाहणारा माणूस नव्हे. माझ्या धुतलेल्या धोतरावर त्यांनी अनेकदा आपला शिक्का उमटवला आहे. तरीही रोज सकाळी खुराड्याची फळी सरकवण्याचे काम माझेच असे, आणि त्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. निरोगी कोंबडी बाहेर येताना घाईत असते. जणू रात्रभर तिच्या एकटीवाचून जगाचे काम अडून राहिले आहे, अशा थाटात ती दुसरीच्या अंगावरून उडी मारून बाहेर पडते. आजाराची पहिली खूण म्हणजे ही घाई संपणे. मग ती फळीशी थबकते, पिसे फुलवून लहानशा उशीसारखी गोल होते, डोळे मिटते. दाणे टाकले की धावते, पण चोच खाली नेत नाही. तुऱ्याचा लाल रंग वांग्याकडे झुकतो. अंडे घातलेच तर ते कवचावाचून, नुसत्या कातड्यात गुंडाळलेले निघते. बोटाने दाबले तर आत जाते. या खुणा मला कोणी शिकवल्या नाहीत. ज्याला कागदावरील ठसा पाहून खरा-खोटा अंगठा ओळखता येतो, त्याला एवढे दिसतेच.

ज्या फाल्गुनाबद्दल सांगतो आहे, त्या फाल्गुनात आमची एकुलती एक कन्या सारिका सातव्या महिन्याची गर्भार होती. जावई साताऱ्याला औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात आहेत. त्यांच्या भाड्याच्या घरामागे हातभर जागा आहे, हे कळल्यापासून शालन हरखून गेली होती. "दोन तलंगा बसत्यात तितं," ती मला पुनःपुन्हा सांगे. त्या वर्षी तिने मुद्दाम अंडी विकली नाहीत, बसवली. तीन तलंगा चांगल्या निघाल्या. त्यांतल्या दोन साताऱ्याला जायच्या होत्या. बाळंतिणीसाठी कोंबडा निराळा, तोही वाढत होता. शालन त्यांना दाणे टाकताना माणसाशी बोलावे तशी बोले. "खावा गं बायांनो, साताऱ्याला जायचंय. तितं आमच्यावानी उकिरडं न्हाईत."

आमच्या भिंतीला लागून हौसाक्काचे घर आहे. हौसाक्का वयाने आम्हा उभयतांहून मोठी, विधवा, आणि तिचा मुलगा दत्तू सैन्यात. त्या वर्षी त्याची नेमणूक बर्फाच्या मुलखात झाली होती. फोन लागत नसे, लागला तर आवाज तुटत असे. हौसाक्काने म्हसोबाला नवस केला आणि देवाच्या नावाने एक कोंबडा सोडला. आमच्याकडील ही रीत परगावच्या वाचकांसाठी सांगतो. देवाला सोडलेला कोंबडा बांधायचा नाही, कोंडायचा नाही, हाकलायचा नाही. तो कोणाच्याही परड्यात शिरेल, कोणाचेही दाणे खाईल. नवस फिटला, म्हणजे मुलगा सुखरूप रजेवर आला, की त्याला म्हसोबापुढे न्यायचे. तोपर्यंत तो देवाचा. त्याला मध्येच काही झाले, तर ज्याच्यासाठी सोडला त्याच्यावर संकट, अशी समजूत.

तो कोंबडा मोठा रुबाबदार होता. काळा, हिरवी झाक मारणारी शेपटी, चालताना एक पाय क्षणभर हवेत धरून ठेवण्याची लकब. आळीतील लोक त्याला सुभेदार म्हणत. मुलाणीचाचा, जे गावात देवाधर्माचे बकरे-कोंबडे कापण्याचे वंशपरंपरेचे काम करतात, ते त्याला पाहिले की कपाळाला हात लावून म्हणत, "सलाम सुभेदारसाब! तुमची रिटायरमेंट माझ्या हातात हाय, ध्यानात असू द्या." हौसाक्का खोटे रागावे. "चाचा, तोंड आवरा. माझा दत्तू यायच्या आत त्याच्याकडं बगायचं सुदिक न्हाई."

एके दिवशी तो पहाटे आरवला नाही. मी उठून बसलो. सवयीचा आवाज आला नाही, की त्याची पोकळी आवाजापेक्षा मोठी होते. उजाडल्यावर पाहतो, तर सुभेदार आमच्या परड्यात उभा. शेपटी खाली, पंख ओघळलेले, चोच उघडी. श्वास घेताना गळ्यातून घर्र घर्र असा आवाज, हुक्का ओढल्यासारखा. मागे हिरवट पांढरी पातळ घाण. आणि शालनच्या कोंबड्या त्याच्या भोवती, त्याच पाण्याच्या परळात चोच बुडवत होत्या.

मी तत्काळ परळ उपडा केला आणि हौसाक्काला हाक दिली.

"आक्का, तुमचा कोंबडा आजारी आहे. याला आजच्या आज डालग्याखाली निराळा ठेवा. ही मर आहे. आळीतल्या सगळ्या कोंबड्या जातील."

ती भिंतीवरून डोकावली. तिचा चेहरा आधी उतरला आणि मग कठीण झाला. "आण्णा, त्यो देवाचा हाय. त्याला डालग्याखाली कोंडू व्हय? आन् तकडं माझ्या दत्तूला कोंडलं म्हंजी?"

"दत्तूचा आणि याचा काय संबंध?"

"सबंद न्हाई तर सोडला कशाला?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. मी मुलाणीचाचांना बोलावले. नवसाच्या बाबतीत त्यांचा शब्द बायका मानतात. चाचांनी कोंबडा पाहिला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "आण्णा, माझं काम कापायचं. बांधायचं काम माझं न्हवं. आन् देवानं बलिवल्याबगार कापायचं बी माझं न्हवं." आळीतील दोघे-तिघे जमले होते. त्यांच्यातून आवाज आला, "आण्णा, तुमी सुभेदाराच्या नावानं एक नोटीस काढा की! सात दिसांच्या आत परडं खाली करा म्हनून!" सगळे हसले. मला हसू आले नाही. अज्ञान हसते, तेव्हा ते फार दणकट दिसते.

शालन घरात येऊन मला म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या. तिचा जीव त्या पोरात हाय."

"आणि तुझ्या तलंगा?"

ती सूप उचलून परड्यात गेली. परंतु दुपारी तिने सुभेदाराला हाकलले नाही, हे मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्या कोंबड्याची मान वळली. हा रोग असाच असतो. आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणतात, दवाखान्यात राणीखेत म्हणतात. मान पाठीवर मुरगळली जाते, चोच आभाळाकडे होते, आणि पक्षी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. हौसाक्काच्या अंगणात सुभेदार तसा गिरक्या घेत होता आणि बायका कोंडाळे करून पाहत होत्या. कोणीतरी म्हणाली, "वारं आलंय गं त्याला." दुसरी म्हणाली, "देवाकडं बगून सांगतोय काय तरी." झाले. एवढे दोन उद्गार पुरले. हौसाक्काने त्याच्या तुऱ्याला हळद लावली. माणसाच्या अंगात वारे आले, की त्याची मान अशीच हलते, अशाच गिरक्या येतात. मग देवाच्या कोंबड्याच्या अंगात देव आला यात नवल ते काय, असा तो सरळ हिशेब होता. दिवसभर त्याला काखेत घेऊन हौसाक्का आळीतील प्रत्येक परड्यात गेली. प्रत्येक सुवासिनीने त्याला कुंकू लावले, सुपातले दाणे पुढे केले. त्याने खाल्ले नाहीत. त्याच्या चोचीतून लाळेची तार गळत होती. ते दाणे मग प्रत्येकीने प्रसाद म्हणून आपापल्या कोंबड्यांना टाकले.

मी कचेरीतून परत आलो तेव्हा आमच्या परड्यातही हळदीचे दाणे पडले होते.

"तूसुद्धा?" मी शालनला विचारले.

"सारीला सातवा म्हैना हाय," ती म्हणाली. "देव दारात आला तर काय म्हनू? ये नगू म्हनू?"

मी पुष्कळ विद्वान माणसे पाहिली आहेत जी देवाला नाकारतात, आणि पुष्कळ भाविक माणसे पाहिली आहेत जी डॉक्टरला नाकारतात. परंतु या प्रसंगी ज्याचा राग येतो तो या दोघांचा नव्हे. ज्या बाईचे नुकसान होणार, तिनेच आपल्या हातांनी नुकसानाला ओवाळावे, आणि तेही दुसऱ्या बाईच्या मुलासाठी आणि स्वतःच्या मुलीसाठी, याचा राग कोणावर काढायचा? हा राग आजही तसाच बिनमालकाचा पडून आहे.

आळीतल्या कोंबड्या एकेक करून आजारी पडू लागल्या, तेव्हा मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी माझे म्हणणे उभे राहून ऐकले, हे त्यांच्या संस्कारांचे लक्षण. त्यांनी सांगितले ते स्पष्ट होते. लागण झालेल्या पक्ष्यावर औषध नाही. आजारी वेगळा करा, खुराडे धुऊन घ्या, मेलेला उघड्यावर टाकू नका, खोल पुरा आणि वर चुना टाका. लस निरोगी पक्ष्यासाठी असते. आजार आत शिरला असेल तर ती उशिरा पोहोचते. "आणि एक महत्त्वाचं," ते म्हणाले, "आता तुमच्या आळीतला एकही पक्षी बाहेर जाता कामा नये. बाजारात नाही, पाहुण्यांकडे नाही. दिसायला चांगला असला तरी नाही. रोग त्याच्या आत असतो, खुणा मागाहून दिसतात."

मी घरी आलो, तर शालन दारात उभी. हातात कापडी पिशवी, पिशवीच्या तोंडातून तिन्ही तलंगांच्या माना बाहेर. खुराड्यात तोवर दोन कोंबड्या उशीसारख्या गोल होऊन बसल्या होत्या. तलंगा मात्र ताठ, चकचकीत, डोळे टपोरे.

"कुठे?" मी म्हणालो.

"विट्याला. यष्टी हाय आत्ता. काकूच्या परड्यात सोडून येते. मर वसरली की आनू."

"नाही."

"आवं, ह्या चांगल्या हायत्या. बगा की. चांगल्या हायत्या त्या."

"डॉक्टरांनी सांगितले आहे. दिसायला चांगल्या असल्या तरी आत रोग असतो. एसटीत शेजारी दुसऱ्या कोणाची कोंबडी असेल. विट्याला काकूच्या आळीत माणसांनी कोंबड्या पाळल्या आहेत. आपल्या आळीने जे केले ते तू विट्याला नेणार?"

"आळीचं मला सांगू नगा!" ती प्रथमच ओरडली. "हौसाक्कानं काल तिच्या आजारी कोंबड्या बाजारात न्हेऊन इकल्या. सगळ्यांनी इकल्या. तवा न्हाई आलासा आडवं कुनाला?"

ते खरे होते. बाजारच्या दिवशी आळीतील प्रत्येक घरातून पाटी निघाली होती. पंख ओघळलेल्या कोंबड्यांना ताडकन उभे करण्यासाठी पाटीत डोक्यावर पाणी शिंपडत बायका गेल्या होत्या. मी त्यांना अडवू शकलो नाही, कारण त्या माझ्या नव्हत्या. शालनला अडवू शकलो, कारण ती माझी होती. न्याय असा घराच्या उंबरठ्यापर्यंतच चालतो. तेथून पुढे त्याला पाय नसतात.

मी दार सोडले नाही. एसटी वळणावर हॉर्न देऊन निघून गेली. तो हॉर्न आम्ही दोघांनी ऐकला. शालनने पिशवी खाली ठेवली, एकेक तलंग बाहेर काढली, आणि तिच्या पिसांवरून हात फिरवून परड्यात सोडली. 

पुढचे सर्व मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केले. तलंगा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात निराळ्या ठेवल्या, त्यांचे पाणी निराळे, त्यांना दाणे टाकण्याआधी हातपाय धुतले. खुराडे चुन्याने सारवले. शेवग्याखाली खड्डा खणला. मोठ्या कोंबड्या एकामागून एक गेल्या. कोणी गिरक्या घेत, कोणी नुसतीच डोळे मिटून, कोणी पायाचे पंजे मुठीसारखे आवळून. बाळंतिणीसाठी राखलेला कोंबडा चोच उघडी टाकून बसल्या जागी गेला. प्रत्येक वेळी मी खड्डा उघडून वर चुना टाकत असे आणि शालन दाराच्या चौकटीला टेकून उभी असे. तिला रडताना मी पाहिले नाही. रडली असती तर मला पुढे काय करायचे ते कळले असते.

तलंगा सर्वांत शेवटी गेल्या. आधी एकीची घाई संपली, मग उरलेल्या दोघींचीही. शेवटच्या तलंगेची मान वळली तेव्हा शालन तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि ती मान हलक्या हाताने पुन्हा पुन्हा सरळ करत होती. ती सरळ होई, हात काढला की पुन्हा वळे.

"बघ," मी म्हणालो. माझा आवाज शक्य तितका सौम्य होता. "रोग आत होताच. विट्याला गेल्या असत्या तर तिथल्याही मेल्या असत्या."

"हितं ऱ्हायल्या म्हनून मेल्या," ती म्हणाली.

या दोन विधानांमध्ये निवाडा करणारे न्यायालय नाही. मी आजही माझ्या विधानावर ठाम आहे. मी बरोबर होतो. डॉक्टरांना विचारा, कोणालाही विचारा. माझ्यामुळे विट्याच्या एखाद्या आळीत कोणाची तरी कोंबडी त्या फाल्गुनात जगली असेल, आणि त्या बाईला हे कधीही कळणार नाही. बरोबर असण्याचे एवढेच फळ असते. जे वाचले त्यांचा पत्ता लागत नाही. जे गेले ते मात्र आपल्या परड्यात असतात.

सुभेदार आधीच मेला होता. हौसाक्का दोन दिवस जेवली नाही. ओसरीवर फोन मांडीवर घेऊन बसून होती. मग दत्तूचा फोन आला. आवाज तुटत होता, पण तो दत्तूच होता. सुखरूप होता, थंडी फार आहे म्हणाला. हौसाक्का फोन घेऊन आमच्या अंगणात धावत आली, शालनच्या गळ्यात पडली, आणि जे बोलली ते माझ्या कानात कायमचे राहिले आहे.

"देवानं कोंबडा घेतला गं, लेक ठिवला! आन् नुसता माझा न्हाई, साऱ्या आळीच्या घेतल्या. लय मोटं इघ्न व्हतं बग त्याच्यावर. तुझ्या कोंबड्या माझ्या दत्तूवरनं ववाळून गेल्या शालन, तुझं उपकार न्हाई फिटायचं."

मी पुढे होणार होतो. मला सांगायचे होते, की हे उपकार नव्हते, ही लागण होती. की दत्तूचा जीव हजार कोस दूर बर्फात होता आणि त्याला आमच्या तलंगांची गरज नव्हती. पण शालन तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "व्हय आक्का," ती म्हणाली. "जाऊ द्या. पोर खुशाल हाय न्हवं?" तिला ते खरे वाटत होते की नाही, हे मी कधी विचारले नाही. नुकसानाला काही तरी कारण मिळाले, याचेच तिला बरे वाटले असावे. माझ्यापाशी खरे कारण होते आणि ते तिला नको होते.

सारिका बाळंतपणाला आली. मुलगी झाली. शालनने बाजारातून कोंबडी आणवून रस्सा केला. सारिकाने दोन घास घेतले आणि म्हणाली, "आई, हा आपल्या घरचा न्हाई व्हय?" शालन म्हणाली, "खा गुमान. कोंबडी ती कोंबडी." सव्वा महिन्याने ती साताऱ्याला निघाली तेव्हा शालनने लाडू दिले, कुंची दिली, पितळी वाटी-चमचा दिला. गाडी सुटताना सारिकाने खिडकीतून सांगितले, "आई, तलंगा पुढच्या येळी." शालनने मान हलवली. त्यानंतर तिने खुराड्यात सरपण भरले.

आता ती नात बालवाडीत जाते. साताऱ्याच्या घरामागच्या हातभर जागेत जावयांनी दुचाकी लावण्यासाठी फरशी घातली आहे. आळीत मात्र कोंबड्या पुन्हा झाल्या. लोक विसरतात आणि कोंबड्या वाढतात, या दोन्हीला फार काळ लागत नाही. हौसाक्काने दत्तूच्या नव्या नेमणुकीसाठी नवा कोंबडा सोडला. हा तांबडा आहे, आणि याला अजून कोणी नाव दिलेले नाही.

यंदा फाल्गुन उजाडण्याआधी मी दवाखान्यात जाऊन लशीचे ठरवून आलो. त्या लशीची एक बाटली फोडली, की ती आळीभराच्या कोंबड्यांना पुरते आणि काही तासांत संपवावी लागते. बर्फातून आणायची, डोळ्यात एकेक थेंब टाकायचा. त्यासाठी सर्वांनी एका सकाळी एका जागी यावे लागते. मी घरोघर जाऊन सांगितले. पुष्कळांनी टाळाटाळ केली. "आण्णा, कोंबडीच्या डोळ्यात आवशद? मग चष्मा बी लावा!" तरीही आमच्या अंगणात सकाळी पाट्या, डालगी, पिशव्या येऊन पडल्या. माझ्या शब्दाला आळीत अजून तेवढे वजन आहे.

डॉक्टरांना कोंबड्या धरून द्यायला माणूस हवे होते. शालन पुढे झाली. कोंबडी कशी धरावी हे तिला सांगावे लागत नाही. डावा हात पंखांखालून, दोन बोटांत पाय, उजव्या हाताने डोके अलगद तिरपे. लोकांच्या कोंबड्या ती एकामागून एक घेत होती, थेंब पडून डोळा मिटेपर्यंत थांबत होती, आणि परत देत होती. कोणाचीही कोंबडी तिच्या हातात तडफडली नाही.

हौसाक्का सर्वांत शेवटी आली. पदराखाली तांबडा कोंबडा. मी पाहतच राहिलो.

"आक्का, देवाचा कोंबडा धरून आणला?" मी विचारल्यावाचून राहू शकलो नाही.

ती सहज म्हणाली, "दत्तूनं फोनवर सांगितलं की. आई, आवशद टाकून घे म्हनला, देव काय न्हाई म्हनत. त्यो शिकल्याला हाय न्हवं आण्णा, त्याला म्हाईत असतंय."

दत्तू बारावी आहे. मी त्याच गोष्टीसाठी तिच्या भिंतीशी उभा होतो तेव्हा माझे शब्द दत्तूच्या शब्दांहून काही कमी नव्हते. फक्त मी तिच्या पोटचा नव्हतो. शालनने कोंबडा हातात घेतला. त्याचे डोके तिरपे केले. क्षणभर तिचे बोट त्याच्या मानेवर थांबले, असे मला वाटले. मग थेंब पडला, डोळा मिटला, आणि तिने तो हौसाक्काच्या पदरात परत दिला. "तिनसांजंपातुर उन्हात सोडू नगा," ती म्हणाली.

लोक गेले. अंगणभर दुसऱ्यांच्या कोंबड्यांची पिसे आणि घाण पडली होती. डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. तळाशी औषध उरले होते.

"हे ठेवता येत नाही," ते म्हणाले. "उकळून टाकून द्यावं लागेल. काकू, तुमच्या राहिल्या असतील की. आणा पटकन."

शालन हात धूत होती. तिने मान वर केली नाही.

"आमच्यात न्हाईत कुनी," ती म्हणाली, आणि चुलीवर पाणी ठेवायला आत गेली.